एका थेंबातील जीव : जीवाणूंची वाढ, मोजणी आणि आहार
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पाणी गाळून प्यावे या विषयावरील जैन पुस्तिकांत, पाठशाळेच्या भिंतीवरील तक्त्यांत आणि प्रवचनांत एक आकडा वर्षानुवर्षे आढळतो. कॅप्टन स्कोर्सबी नावाच्या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० हालते-चालते जीव पाहिले, असा तो उल्लेख असतो. आकडा सर्वांना पाठ आहे. परंतु तो थेंब कोणता होता आणि ते जीव मोजले कसे, हे सहसा कोणी विचारत नाही. जीवाणूंच्या मोजणीचा विषय तेथूनच सुरू करणे उचित ठरेल.

विल्यम स्कोर्सबी (१७८९-१८५७) हे इंग्लंडमधील व्हिटबी परिसरात जन्मलेले दर्यावर्दी. अहिंसेच्या पुस्तिकांतून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते पेशाने देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजाचे कप्तान होते, हा एक विलक्षण योगायोग. पुढे त्यांनी समुद्र सोडला आणि ते धर्मोपदेशक झाले. ग्रीनलंडनजीकच्या समुद्राचे पाणी काही ठिकाणी वेगळ्याच रंगाचे का दिसते, हा प्रश्न त्यांना पडला. त्या पाण्याचा थेंब त्यांनी बारीक चौकोन आखलेल्या काचेवर ठेवला. एका चौकोनात सरासरी ५० सूक्ष्म प्राणी दिसले. थेंबाने ५२९ चौकोन व्यापले होते. ५० गुणिले ५२९ म्हणजे २६,४५०. स्कोर्सबींच्या हिशेबातील संख्या ही आहे. मराठी-हिंदी पत्रकांत ती ३६,४५० अशी छापली जाते. कोणत्या तरी छापखान्यात दोनाचे तीन झाले असावेत.

दहा हजारांच्या या फरकाने गाळून पाणी पिण्याच्या व्रताला काहीही बाध येत नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली, तो थेंब आर्क्टिक समुद्राचा होता, विहिरीचा किंवा नळाचा नव्हे. प्रत्येक थेंबात तेवढेच जीव असतात असा त्याचा अर्थ होत नाही. दुसरी, त्यांना दिसलेले जीव हे समुद्रात तरंगणारे सूक्ष्म प्राणी होते. जीवाणू, म्हणजे ज्यांना बॅक्टेरिया म्हणतात ते, त्याहून कितीतरी लहान. स्कोर्सबींची पद्धत मात्र अस्सल होती. आखलेल्या काचेवर नमुना ठेवून एका चौकोनातील संख्या मोजायची आणि तिला गुणायचे, ही रीत रक्तातील पेशी मोजण्यासाठी प्रयोगशाळांत वापरली गेली आणि जीवाणू मोजण्यासाठीही वापरली जाते.

आतड्यांत राहणाऱ्या सामान्य जीवाणूची लांबी सुमारे २ मायक्रोमीटर असते. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर. पाणी गाळण्याच्या साध्या सुती कापडाची छिद्रे शंभर मायक्रोमीटरच्या आसपास असतात. गावाच्या वेशीतून चिमणी जावी तसा सुटा जीवाणू त्यातून निघून जातो. गाळलेले पाणी जीवाणूविरहित झाले असे समजून ते लहान मुलांना किंवा रुग्णांना न उकळता देणे म्हणूनच धोक्याचे आहे. मग गाळण्याचा आरोग्याला उपयोग नाही काय? याचे उत्तर बांगलादेशातून मिळाले आहे. पटकीचे जीवाणू पाण्यात बहुधा सुटे राहत नाहीत, ते पाण्यातील बारीक कवचधारी प्राण्यांना चिकटून राहतात. रीटा कोलवेल, अन्वर हक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतलब भागातील गावांमध्ये स्त्रियांना जुन्या सुती साडीच्या किमान चार पदरांतून पाणी गाळण्यास शिकविले. वारंवार धुतलेल्या साडीचे धागे फुगून छिद्रे आक्रसतात. चार पदर घेतले की ती २० मायक्रोमीटरपर्यंत येतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. गाळण्यावर अडकलेले जीव फडके उलटे करून हळुवारपणे मूळ पाण्यात सोडण्याची, म्हणजे जीवाणी पोचविण्याची जी रीत श्रावकाच्या घरी पाळली जाते, ती याच दिसू शकणाऱ्या आणि अडकू शकणाऱ्या जीवांसाठी आहे. जीवाणी आणि जीवाणू हे शब्द कानाला जवळचे वाटले तरी ते एक नव्हेत.

याच ओघात आणखी एका समीकरणाविषयी सावधपणे बोलले पाहिजे. ‘निगोद म्हणजेच बॅक्टेरिया’ असे अलीकडे सहज म्हटले जाते. आगमांतील वर्गीकरण इंद्रियांच्या संख्येवर आधारलेले आहे. सूक्ष्मजीवशास्त्राचे वर्गीकरण पेशीची रचना आणि आनुवंशिक द्रव्य यांवर. निगोद जीवाचे एका श्वासात अठरा वेळा जन्म-मरण होते असे परंपरा सांगते. ज्ञात जीवाणूंपैकी अतिशय वेगाने वाढणाऱ्या एका सागरी जीवाणूलाही दुप्पट होण्यास दहा मिनिटांच्या आसपास लागतात. ही दोन मापे जुळत नाहीत आणि ती ओढून-ताणून जुळविण्याची आवश्यकताही नाही. शास्त्राला विज्ञानाच्या प्रमाणपत्राची गरज भासावी हे शास्त्राच्या अभ्यासकालाही रुचणार नाही.

जीवाणूंच्या मोजणीत मोठी अडचण ही की सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत व मृत जीवाणू सारखेच दिसू शकतात. यावर तोडगा निघाला तो असा की, जीवाणू न मोजता त्यांची वंशावळ मोजावी. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी १८८१ च्या सुमारास घन पोषकद्रव्यावर जीवाणू वाढविण्याची रीत बसविली. घन पृष्ठभागावर पडलेला एक जीवाणू जागच्या जागी वाढत जातो आणि दुसऱ्या दिवशी तेथे डोळ्यांना दिसणारा ठिपका तयार होतो. असे ठिपके मोजले की मूळ नमुन्यात वाढीस समर्थ असे किती जीवाणू होते ते कळते. दुधासारख्या पदार्थात ते फार असतात, म्हणून नमुना आधी दहापट, शंभरपट, हजारपट असा पातळ करीत नेतात. ताटलीवर साधारण ३० ते ३०० ठिपके उमटतील तेवढा तो पातळ असावा लागतो.

कॉख यांचे पोषकद्रव्य गोठविण्यासाठी प्रारंभी जिलेटिन वापरले जाई. जिलेटिन हा प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून निघणारा पदार्थ. उन्हाळ्यात तो वितळे आणि काही जीवाणू तर तो पचवूनच टाकीत. कॉख यांच्याकडे काम करणारे वॉल्टर हेसे या अडचणीने त्रासले होते. तोडगा सुचविला त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी. घरी जेली आणि फळांचे मुरंबे करताना त्या अगर-अगर वापरीत. जावा बेटावर राहून आलेल्या एका परिचितांकडून त्यांना ते समजले होते. अगर हे समुद्री शैवालापासून मिळते, एकदा गोठले की उन्हाळ्यात वितळत नाही आणि बहुतेक जीवाणूंना ते खाताही येत नाही. स्वयंपाकघरातील ही जाण आज जगातील प्रत्येक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वापरली जाते. कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाच्या जीवाणूवरील निबंधात अगरचा ओझरता उल्लेख केला, फॅनी हेसे यांचे नाव मात्र घेतले नाही. अगर वनस्पतिजन्य असले तरी त्यात मिसळलेले पोषक घटक पुष्कळदा मांसापासून केलेले असतात, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. सोयाबीनपासून केलेला पर्याय उपलब्ध आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. ताटलीवर जे वाढतात तेच मोजले जातात, आणि माती किंवा समुद्राच्या पाण्यातील बहुसंख्य जीवाणू प्रयोगशाळेच्या ताटलीवर वाढतच नाहीत.

सांगली-कोल्हापूर भागातील शेतकरी जैन कुटुंबांना मोजणीची आणखी एक रीत अपरिचित नसावी. दूध संघाच्या प्रयोगशाळेत १० मिलिलिटर दुधात १ मिलिलिटर मिथिलिन ब्ल्यू हे निळे रंगद्रव्य घालून नळी ३७ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. जीवाणू दुधातील प्राणवायू वापरून संपवितात तसा निळा रंग उडतो. पाच तास किंवा अधिक काळ निळेपणा टिकला तर कच्चे दूध अतिशय उत्तम, अर्ध्या तासात उडाला तर ते निकृष्ट. येथे जीवाणू कोणी मोजत नाही. त्यांना प्राणवायू संपविण्यास किती वेळ लागला एवढेच पाहिले जाते. पिण्याच्या पाण्यासाठीही अशी सोपी कसोटी भारतातच तयार झाली. मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ती प्रसिद्ध केली. औषध लावलेली कागदाची पट्टी ठेवलेल्या निर्जंतुक बाटलीत पाणी भरून ठेवायचे. मैल्याचा संसर्ग झालेला असेल तर ते एक-दोन दिवसांत काळे पडते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा आतड्यातील जीवाणू मुळीच आढळता कामा नये.

आता वाढीकडे वळू. जीवाणू मोठा होतो आणि मधोमध दुभंगून त्याचे दोन होतात. माता-पिता असा भेद तेथे नाही. ई. कोलायला अन्न, ऊब आणि ओलावा भरपूर मिळाला तर दुप्पट होण्यास सुमारे २० मिनिटे लागतात. क्षयाचा जीवाणू मात्र त्यासाठी १५ ते २० तास घेतो, तर कुष्ठरोगाचा बारा-चौदा दिवस. या आजारांची लागण होऊन लक्षणे दिसेपर्यंत महिने किंवा वर्षे का जातात, याचे एक कारण या संथ गतीत आहे.

दुपटीचे गणित सराफी पेढीवरच्या व्याजाहून कठोर असते. दर मिलिलिटरमध्ये एक हजार जीवाणू असलेला पातळ पदार्थ घेतला आणि दुप्पट होण्याचा काळ २० मिनिटे धरला, तर एका मुहूर्तात, म्हणजे ४८ मिनिटांत, ते सुमारे पाच हजार होतात. दोन प्रहरांनी, म्हणजे सहा तासांनी, ते सव्वीस कोटींवर जातात. एकट्या जीवाणूपासून याच गतीने चोवीस तास वाढ होत राहिली तर त्या संततीचे वजन सुमारे ४,७०० टन भरेल. असे घडत नाही, कारण अन्न संपते आणि स्वतःच टाकलेल्या आम्लासारख्या द्रव्यांत जीवाणूंचा कोंडमारा होतो. पोषक रसातही दर मिलिलिटरला काही शेकडा कोटींच्या आसपास वाढ थांबते. आरंभीही ती लगेच होत नाही. नव्या ठिकाणी आलेला जीवाणू तेथील अन्नाला अनुरूप अशी रसायने सिद्ध करण्यात काही काळ घालवितो. या विलंबकाळानंतर भराभर दुपटी, मग स्थिरता, मग ऱ्हास, असा वाढीचा आलेख असतो.

दूध काढल्यापासून एका मुहूर्ताच्या आत गाळून तापवावे, हा श्रावकाचार या आलेखासमोर ठेवून पाहण्यासारखा आहे. धारोष्ण दूध शरीराच्या उष्णतेचे असते आणि त्यात अन्न विपुल असते. दुधातील काही नैसर्गिक द्रव्ये जीवाणूंना थोडा वेळ रोखून धरतात. हा अवधी आणि विलंबकाळ संपण्यापूर्वीच दूध तापविले गेले तर दुपटीचे सत्र सुरूच होत नाही. उकळण्याने जीव मरतात, मग अहिंसेचे पालन कसे, असा प्रश्न तरुण पिढी विचारते. परंपरेचे उत्तर असे की, न तापविलेल्या पाण्यात किंवा दुधात उत्पत्ती आणि मरण यांचे चक्र अखंड चालते. एकदा तापविल्याने ते मर्यादेपर्यंत थांबते. एक हजार आणि सव्वीस कोटी या दोन आकड्यांनी या उत्तरातील विचार स्पष्ट होतो. तो पुरेसा आहे किंवा नाही, याचा निर्णय साधू-साध्वी आणि विद्वान यांनी करावा; जीवाणूशास्त्राला तो अधिकार नाही.

मर्यादांचे आकडेही सर्वत्र एकसारखे नाहीत. दिगंबर परंपरेत उकळलेल्या पाण्याची मर्यादा आठ प्रहर सांगितली जाते, तर श्वेतांबर परंपरेत पावसाळ्यात तीन, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर. पिठासाठी दिगंबर श्रावकाचारात पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस येतात. दोन्हीकडे सर्वांत आखूड मुदत पावसाळ्याची आहे. केवळ उष्णतेचा विचार केला असता तर ती उन्हाळ्याला मिळाली असती. म्हणजे येथे ओलाव्याला अधिक महत्त्व आहे, आणि ओलाव्यापाशीच जीवाणूंच्या आहाराचा प्रश्न येतो.

जीवाणूला तोंड नसते. त्याच्याभोवती भिंत आणि आतून पातळ पटल असते. बाहेरचे अन्न पाण्यात विरघळूनच त्यातून आत जाऊ शकते. भाताचा पिष्टमय कण त्याला गिळता येत नाही. म्हणून तो पाचक रस बाहेर सोडतो, अन्न बाहेरच पचवितो आणि मग त्याचे बारीक तुकडे पटलातील विशिष्ट वाहकांकरवी आत ओढून घेतो. माणूस आधी खातो व नंतर पचवितो. येथे क्रम उलटा आहे. पाणी नसेल तर ही सारी व्यवस्था ठप्प होते. पापड, खाकरा, सांडगे का टिकतात आणि ओली पोळी दुसऱ्या दिवशी वासी का ठरते, याचे उत्तर येथे आहे. मुरंब्यात आणि लोणच्यात पाणी असते, परंतु साखर किंवा मीठ ते धरून ठेवते आणि जीवाणूच्या पेशीतीलही ओढून घेते. दमट पिठात मात्र प्रथम बुरशी आणि किडे येतात, कारण बुरशीला जीवाणूहून कमी ओलावा पुरतो. पिठाची मर्यादा जीवाणूंशी जोडताना ही सुधारणा लक्षात घ्यावी.

जीवाणू अन्नात निवडही करतात. फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जाक मोनो यांनी ई. कोलायला ग्लुकोज आणि दुधातील साखर एकत्र दिली. वाढ दोन टप्प्यांत झाली: प्रथम ग्लुकोज संपले, मग काही काळ वाढ थांबली आणि त्यानंतर दुधातील साखरेवर ती पुन्हा सुरू झाली. त्या थांबण्याचे कारण शोधताना पेशीतील जनुके गरजेनुसार कशी चालू-बंद होतात हे उलगडत गेले आणि १९६५ चे नोबेल पारितोषिक मोनो यांना दोन सहकाऱ्यांसह मिळाले. सर्वच जीवाणू आयत्या अन्नावर जगत नाहीत. तूर, हरभरा, मूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम हवेतील नत्र वनस्पतीला देतात आणि तिच्याकडून शर्करा घेतात. जैनांच्या ताटातील डाळीतील प्रथिनांचा मोठा भाग या देवघेवीतून येतो, आणि जीवांच्या परस्पर उपकाराचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही. दह्यातही अशीच भागीदारी दिसते: एक जीवाणू दुधातील प्रथिने तोडून दुसऱ्याला पुरवितो, दुसरा त्याला वाढीस साहाय्यक द्रव्ये देतो आणि दोघे मिळून आम्ल तयार करतात. ते आम्ल इतर जीवाणूंना रोखते, आणि वाढत गेले की विरजणाच्या जीवाणूंचीही गती मंदावते.

शीतकपाट घराघरांत आल्यापासून मर्यादेचा विचार मागे पडला आहे. थंडीने वाढ मंदावते, थांबत नाही. ४ अंशांवरही वाढणारे जीवाणू आहेत.

भोजनशाळा आणि पर्वकाळातील पंगतींची व्यवस्था पाहणाऱ्यांनी या साऱ्याचा उपयोग करून घ्यावा, कारण निरामिष अन्नाने विषबाधा होत नाही हा समज चुकीचा आहे. तांदळात बॅसिलस सीरियस या जीवाणूची बीजके असतात. भात शिजला तरी ती मरत नाहीत. पहाटे शिजविलेला भात मोठ्या पातेल्यात झाकून दुपारपर्यंत ठेवला तर तो मधोमध कित्येक तास कोमट राहतो. बीजके रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडविणारे हे विष पुन्हा वाफ दिल्याने नष्ट होत नाही. पेढे, खवा, बासुंदी यांत धोका हातांकडून येतो. तिघांपैकी साधारण एका निरोगी माणसाच्या नाकात स्टॅफिलोकॉकस हा जीवाणू असतो. तेथून तो बोटांवर आणि बोटांवरून मिठाईत जातो. त्याचेही विष उकळण्याला दाद देत नाही. म्हणजे येथे तापविणे हा उशिराचा उपाय ठरतो, वेळ हाच खरा उपाय. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्न जितके कमी काळ राहील तितके बरे. भात एकदम न शिजविता पंगतीगणिक थोडा थोडा शिजवावा. राखून ठेवायचा तर वाफाळता ठेवावा. बोटाला जखम किंवा गळू असलेल्या स्वयंसेवकाला वाढपाऐवजी अन्य सेवा द्यावी.

उकळलेल्या पाण्याच्या हंड्याविषयी एक बाब राहिली. कालचे थोडे पाणी शिल्लक असताना त्यातच आजचे ओतले जाते. भांड्याच्या आतल्या बाजूस बोट फिरविल्यास जो बुळबुळीतपणा लागतो तो जीवाणूंनीच स्वतःभोवती विणलेला थर असतो. पाण्यात विरघळलेल्या अत्यल्प अन्नावरही तो टिकतो आणि ताज्या उकळलेल्या पाण्यात जीवाणू सोडीत राहतो. हंडा रोज पूर्ण रिकामा करून आतून घासावा आणि उन्हात उपडा ठेवून कोरडा करावा. कोरड्या भांड्यावर त्या थराला वाढीसाठी लागणारे पाणीच उरत नाही.